ऑप-अँपला सप्लाय कसा द्यायचा: सिंगल की ड्युअल, अगदी पहिल्यापासून

ऑप-अँप (ऑपरेशनल ॲम्प्लिफायर, म्हणजे छोटा सिग्नल मोठा करणारा आयसी) शिकायला घेतलं की जवळपास सगळेच एका जागी अडकतात. पुस्तकातल्या आकृतीत +१५ आणि -१५ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि आपल्या टेबलावर असते ९ व्होल्टची एक बॅटरी, किंवा मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर. मग हे मायनस आणायचं कुठून आणि नाही आणलं तर काय बिघडतं, हे नीट कोणी सांगत नाही, आणि मुलं सर्किट जसंच्या तसं ९ व्होल्टवर जोडतात आणि आउटपुट एका टोकाला चिकटून बसलं की आयसी खराब आहे म्हणून टाकून देतात. आयसी बहुतेक वेळा चांगलाच असतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, वाचता वाचता ब्रेडबोर्डवर करून बघा.

आधी आयसीच्या पिना बघा

७४१ घ्या, सप्लायच्या पिना दोनच, ७ नंबरला प्लस आणि ४ नंबरला मायनस. एलएम३५८, टीएल०७२, एनई५५३२ असे दोन ऑप-अँपवाले आठ पिनांचे आयसी घेतले तर ८ ला प्लस, ४ ला मायनस. एलएम३२४ मधे चार ऑप-अँप असतात, तिथे ४ ला प्लस आणि ११ ला मायनस (हे उलटं होतं खूपदा, कारण ४ म्हणजे मायनस असं डोक्यात बसलेलं असतं). आता यात ग्राउंडची पिन शोधा. नाहीये. ऑप-अँपला ग्राउंड माहीतच नसतं, त्याला फक्त दोन पिनांमधला फरक कळतो. +१५ आणि -१५ दिले काय किंवा ३० आणि ० दिले काय, आयसीच्या दृष्टीने दोन्ही ३० व्होल्टच.

मग ड्युअल सप्लाय म्हणजे काय, तर आपण त्या ३० व्होल्टच्या मधोमध एक बिंदू पकडला आणि त्याला शून्य म्हटलं. सिंगल सप्लाय म्हणजे खालच्या टोकालाच शून्य म्हटलं. बिल्डिंगला दोन बेसमेंट आहेत आणि लिफ्टमधे -२ पासून आकडे लावले किंवा सगळ्यात खालच्या मजल्यापासून ० लावले, मजले तेवढेच राहतात, तसंच हे. एवढं डोक्यात पक्कं बसलं ना की पुढचं सगळं एकाच प्रश्नावर येतं: माझ्या सिग्नलचं शून्य कुठे आहे, आणि ते ऑप-अँपच्या दोन रेलच्या (म्हणजे सप्लायच्या दोन टोकांच्या) मधे आरामात बसतंय का?

±१५ हा आकडा आला कुठून तेही थोडक्यात सांगतो. सुरुवातीला ऑप-अँप ॲनलॉग कॉम्प्युटरमधे बेरीज-वजाबाकी-इंटिग्रेशन करायला वापरायचे आणि तिथे उणे संख्या लागायचीच, म्हणून सिग्नल शून्याच्या दोन्ही बाजूला जायचा. १९६८ मधे फेअरचाइल्डचा ७४१ आला तोही ±१५ धरूनच बनवलेला, आणि कॉलेजची पुस्तकं अजून त्याच्यावरच चालतात. त्यामुळे तुमच्या सर्किटला -१५ लागेलच असं अजिबात नाही.

सिग्नल ओळखा

कागदावर लिहा, सिग्नल एसी आहे की डीसी, आणि शून्याच्या खाली जातो का. माईक, गिटार, मोबाईलचा हेडफोन आउट हे सगळे ऑडिओ, म्हणजे शून्याच्या वर-खाली हलणारे पण त्यांची डीसी लेव्हल आपल्याला नको असते. हे सिंगल सप्लायवर मस्त चालतात, फक्त मधलं व्होल्टेज बनवून द्यावं लागतं. एलएम३५ सारखा टेंपरेचर सेन्सर डीसी आहे पण तो घरातल्या तापमानाला नेहमी पॉझिटिव्हच असतो, म्हणून हाही सिंगलवर चालतो, फक्त आयसी बरोबर निवडायचा. आणि सिग्नल डीसी पण आहे आणि शून्याच्या खालीही जातो, म्हणजे प्रयोगशाळेतलं मापन, इंटिग्रेटर, फंक्शन जनरेटर, तर सरळ ड्युअल सप्लाय करा, उगाच जुगाड करत बसू नका.

मग आयसी

इथे खरा वेळ द्या. डेटाशीट उघडली की तीन गोष्टी शोधायच्या: एकूण सप्लाय किती ते किती चालतो, इनपुट रेलच्या किती जवळ जाऊ शकतं, आणि आउटपुट रेलच्या किती जवळ पोचतं. बाकीचं नंतर वाचा.

७४१ ला ±१५ दिले की आउटपुट साधारण ±१३-१४ पर्यंत जातं, म्हणजे दोन्ही टोकांना एक-दोन व्होल्ट वाया, आणि इनपुटलाही दोन्ही बाजूला दोन-तीन व्होल्ट अंतर लागतं. ३० व्होल्टमधे हे चालून जातं. पण तोच ७४१ पाच व्होल्टवर लावला तर वरून दोन-तीन गेले, खालून दोन-तीन गेले, उरलं काय? म्हणून ५ व्होल्टवर ७४१ लावूच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

एलएम३५८ वेगळा आहे. ३ ते ३२ व्होल्टच्या सिंगल सप्लायवर चालतो, इनपुट खालच्या रेलपर्यंत म्हणजे सिंगल सप्लायमधे पार शून्यापर्यंत चालतं, आणि आउटपुटही शून्याच्या अगदी जवळ काही मिलिव्होल्टवर येतं. वरच्या बाजूला मात्र साधारण दीड व्होल्ट सोडावे लागतात, म्हणजे ५ व्होल्ट दिले तर आउटपुट ३.५ च्या आसपास थांबणार. नवीन माणसाने पहिला आयसी कुठला घ्यावा असं विचारलं तर मी हाच सांगेन. एक ध्यानात ठेवा, शून्याच्या अगदी जवळ असताना हा फार थोडा करंट खाली खेचू शकतो, काही मायक्रो अँपियर फक्त, म्हणून लोड आउटपुट आणि ग्राउंडच्या मधे ठेवा. आउटपुटवरून प्लसला रेझिस्टर जोडला तर ते शून्याजवळ येणार नाही, अर्ध्या-पाऊण व्होल्टवर अडकेल.

टीएल०७२ ऑडिओला छान, स्वतःचा खरखराट कमी, पण त्याचं इनपुट खालच्या रेलच्या तीन-चार व्होल्टच्या आत गेलेलं त्याला चालत नाही. जुन्या प्रकारच्या टीएल०७२ मधे तर इनपुट फार खाली गेलं की आउटपुट उलटं वर उडी मारतं, त्याला फेज रिव्हर्सल म्हणतात, आणि माहीत नसेल तर तासन्‌तास डोकं खातं. ९ व्होल्टच्या गिटार पेडलमधे मधलं व्होल्टेज ४.५ ठेवून छोट्या सिग्नलला तो चालतो, पण ५ व्होल्टवर वापरायचा नाही.

आणि ५ किंवा ३.३ व्होल्टवर पूर्ण रेंज हवी असेल तर रेल-टू-रेल प्रकारचा, म्हणजे दोन्ही रेलच्या अगदी जवळ जाणारा घ्या, एमसीपी६००२ सारखा. तो १.८ ते ६ व्होल्टवर चालतो, म्हणून चुकूनही ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावू नका, जळेल. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ३५८, ३२४, ७४१ कुठल्याही दुकानात मिळतात, रेल-टू-रेलवाले सगळीकडे असतातच असं नाही, आधी फोन करून विचारलेलं बरं.

ड्युअल सप्लाय बनवायचा असेल तर

सगळ्यात सोपं आणि सुरक्षित म्हणजे ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडा, हा जोड म्हणजे ग्राउंड. पहिलीचा मोकळा प्लस म्हणजे +९, दुसरीचा मोकळा मायनस म्हणजे -९. झालं. स्विच लावताना मात्र दोन्ही बाजू एकदम तोडणारा डबल पोलवाला घ्या, कारण एकच बाजू तोडली तर दुसरी बॅटरी सर्किटमधून हळूहळू उतरत राहते आणि तेवढ्या वेळात आउटपुटही एका रेलकडे ओढलं जातं.

दोन १२ व्होल्टचे ॲडॅप्टर असेच एकावर एक जोडता येतात, पण त्यांची आउटपुटं एकमेकांपासून आणि अर्थिंगपासून सुटी असली तरच. दोन पिनांचे साधे ॲडॅप्टर सहसा सुटे असतात, तीन पिनांच्या सप्लायमधे मायनस आतून अर्थला जोडलेला असू शकतो आणि मग दोन जोडले की एक सरळ शॉर्ट. जोडायच्या आधी, प्लगमधून काढून, मल्टीमीटरने अर्थची पिन आणि आउटपुटचा मायनस यांच्यात कंटिन्युइटी बघा.

कायमचा सप्लाय करायचा असेल तर बारा-झिरो-बारा ट्रान्सफॉर्मर. मधली वायर म्हणजे ग्राउंड, दोन टोकं ब्रिजला (१एन४००७ चे चार डायोड), ब्रिजच्या प्लसवर ७८१२ आणि मायनसवर ७९१२ (हे व्होल्टेज +१२ आणि -१२ वर पक्कं धरणारे रेग्युलेटर). १२ व्होल्ट एसीचा पीक साधारण १७, त्यातून एक डायोड गेला की १६ च्या वर उरतात आणि ७८१२ ला दोन-एक व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे हिशोब बसतो. रेग्युलेटरच्या आधी दोन्ही बाजूला ग्राउंडशी लागणारे कपॅसिटर १००० मायक्रो (मायक्रोफॅरड), ३५ व्होल्टचे घ्या कारण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा जास्तच देतो. आणि हे नीट वाचा: मायनस बाजूच्या कपॅसिटरचा प्लस पाय ग्राउंडला जातो. बहुतेक जण सवयीने मायनस पाय ग्राउंडला लावतात आणि कपॅसिटर फुटतो, डोळ्यांजवळ असेल तर वाईट. दुसरी गोष्ट, ७९१२ च्या पिना ७८१२ सारख्या नसतात. ७८१२ समोरून धरला तर इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ मधे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. पाठीमागचा पत्रा पण ७८१२ चा ग्राउंडला असतो आणि ७९१२ चा इनपुटला, म्हणून दोघांना एकाच हीटसिंकवर लावताना मधे अभ्रकाचा वॉशर हवाच. २३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज आणि उघडं काहीही नको, आणि हे काम आधी कधी केलं नसेल तर शेजारी जाणता माणूस बसवूनच करा.

फक्त थोडासा मायनस हवाय, पाच-दहा मिलिअँपियर, आणि घरात ५ व्होल्टच आहे, तर आयसीएल७६६० नावाचा आठ पिनांचा आयसी आहे. ८ ला +५, ३ ला ग्राउंड, २ आणि ४ च्या मधे १० मायक्रोचा कपॅसिटर (प्लस २ कडे), ५ वर -५ मिळतात, तिथेही १० मायक्रो पण प्लस पाय ग्राउंडला. याचा अंतर्गत रेझिस्टन्स ५५ ओहमच्या आसपास आहे, म्हणजे १० मिलिअँपियर घेतले की अर्धा व्होल्ट कमी. शिवाय याचा आतला ऑसिलेटर १० किलोहर्ट्झच्या आसपास चालतो आणि ते स्विचिंग ऑडिओत शिट्टीसारखं ऐकू येऊ शकतं, सेन्सरसाठी चालेल, माईकसाठी मी वापरणार नाही.

सिंगल सप्लायवर माईकचा ॲम्प्लिफायर

आता खरं काम करू. ९ व्होल्टची एक बॅटरी, एलएम३५८, आणि दुकानात कंडेन्सर माईक म्हणून मिळतो तो छोटा गोल माईक. आयसी बेसमधे बसवा, थेट सोल्डर नको.

पहिलं मधलं व्होल्टेज. +९ आणि ग्राउंडच्या मधे १०० के (किलो-ओहम) चे दोन रेझिस्टर एकापाठी एक, मधल्या जोडावर ४.५ मिळतात. तिथून ग्राउंडला १० मायक्रोचा कपॅसिटर लावायचाच. नाही लावला तर सप्लायमधला जो काही कचरा आहे त्यातला अर्धा थेट तुमच्या इनपुटवर येतो, आणि पुढे गेन (सिग्नल जितक्या पट वाढतो तो आकडा) असला की तो सुद्धा वाढतो. १०० के चे दोन म्हणजे कपॅसिटरला ५० के दिसतात, १० मायक्रोबरोबर कटऑफ ०.३ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्याच्या वरचा कचरा अडतो, भरपूर झालं. फक्त चालू केल्यावर हे व्होल्टेज वर यायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढं थांबा.

खरं तर एलएम३५८ साठी ४.५ हा बरोबर मध्य नाहीये. त्याचं आउटपुट ० ते ७.५ एवढंच फिरतं, त्याचा मध्य ३.७५. म्हणून वरचा रेझिस्टर १२० के आणि खालचा ८२ के केला तर ३.६५ येतात आणि सिग्नल दोन्ही बाजूला साधारण सारखा कापला जातो. सप्लायच्या अर्ध्यापेक्षा आउटपुटच्या रेंजचा अर्धा बघायचा. छोट्या सिग्नलला फरक जाणवत नाही, मोठ्याला जाणवतो.

माईकच्या प्लस पायाला ९ व्होल्टवरून १० के, पण थेट नको, मधे १ के आणि तिथून ग्राउंडला १०० मायक्रो, म्हणजे बॅटरीचा आवाज माईकमधे जाणार नाही. माईकच्या त्याच पायावरून १ मायक्रोचा कपॅसिटर ऑप-अँपच्या पॉझिटिव्ह इनपुटला (पिन ३). पिन ३ वरून मधल्या व्होल्टेजला १०० के. १ मायक्रो आणि १०० के चा कटऑफ १.६ हर्ट्झ, म्हणजे आवाज सगळा जातो आणि माईकचं स्वतःचं डीसी अडतं.

आता गेन. पिन १ (आउटपुट) वरून पिन २ (निगेटिव्ह म्हणजे इन्व्हर्टिंग इनपुट) ला १०० के, आणि पिन २ वरून खाली १ के, म्हणजे गेन १०१. पुस्तकात हा १ के सरळ ग्राउंडला असतो आणि इथेच सगळे फसतात! ड्युअल सप्लायमधे ग्राउंड हेच मधलं व्होल्टेज असतं म्हणून तिथे ते बरोबर आहे. इथे १ के ग्राउंडला लावला तर ऑप-अँप तुमच्या ४.५ व्होल्टलाही १०१ पट करायला जातो, म्हणजे साडेचारशेच्या वर व्होल्ट, ते शक्यच नाही म्हणून आउटपुट वरच्या टोकाला चिकटतं. उपाय सोपा: १ के आणि ग्राउंडच्या मधे १० मायक्रोचा कपॅसिटर, प्लस पाय १ के कडे. मग डीसीसाठी गेन फक्त १ राहतो आणि आवाजासाठी १०१, कटऑफ १६ हर्ट्झ.

पिन १ वरून १० मायक्रोचा कपॅसिटर बाहेर, प्लस पाय आयसीकडे कारण तिथे डीसी आहे, आणि बाहेरच्या पायावरून ग्राउंडला १०० के, नाहीतर वायर लावताना 'फट्' असा आवाज येतो. पिन ८ आणि ४ च्या मधे १०४ नंबरचा (म्हणजे ०.१ मायक्रोचा) सिरॅमिक कपॅसिटर, आयसीला जितका चिकटून तितका चांगला.

आवाज थोडा खरखरीत वाटला तर पिन १ वरून ग्राउंडला १० के लावून बघा. एलएम३५८ च्या आउटपुटमधे एक ट्रान्झिस्टर सोडून दुसरा पकडताना मधे छोटी उडी पडते, हा रेझिस्टर सतत थोडा करंट खेचून ठेवतो आणि ती उडी जाते. गेन १०१ ला याची बँडविड्थ (जिथपर्यंतचा आवाज नीट वाढतो ती हद्द) १० किलोहर्ट्झच्या आसपास राहते, बोलण्याला पुरेशी, गाण्याला तोकडी.

मधलं व्होल्टेज जास्त ठिकाणी हवं असेल तर

एकच स्टेज असेल तर रेझिस्टरची जोडी पुरते. तीन-चार ठिकाणी ते वापरायचं असेल किंवा त्यातून करंट जाणार असेल तर उरलेला ऑप-अँप फॉलोअर म्हणून लावा, इनपुटला ती जोडी, आउटपुट इन्व्हर्टिंग इनपुटला जोडलेलं, ते आउटपुट म्हणजे तुमचं व्हर्च्युअल ग्राउंड. मोठा कपॅसिटर फॉलोअरच्या इनपुटला ठेवा, थेट आउटपुटला ठेवला तर ऑप-अँप ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आउटपुट आपोआप वर-खाली हलत राहतं. टीएलई२४२६ नावाचा तयार आयसी पण याच कामासाठी मिळतो, २० मिलिअँपियरपर्यंत.

आणि व्हर्च्युअल ग्राउंड जॅकच्या बाहेरच्या पत्र्याला जोडू नका. तुमचं सर्किट आणि समोरचा ॲम्प्लिफायर एकाच ॲडॅप्टरवर असतील तर समोरच्याचा पत्रा ॲडॅप्टरच्या मायनसला असतो, तुमचा ४.५ ला, केबल लावली की ते ४.५ व्होल्ट शॉर्ट. ऑसिलोस्कोपच्या ग्राउंड क्लिपचंही तेच, ती अर्थला असते.

डीसी सेन्सर, एलएम३५

इथे कपॅसिटर, मधलं व्होल्टेज काहीच नको. एलएम३५ दर अंश सेल्सियसला १० मिलिव्होल्ट देतो, ३० अंशाला ३०० मिलिव्होल्ट. ५ व्होल्टवर एलएम३५८, फीडबॅकला (आउटपुटवरून इन्व्हर्टिंग इनपुटला) २० के, खाली १० के थेट ग्राउंडला, गेन ३. मग ३० अंशाला ०.९ व्होल्ट, १०० अंशाला ३ व्होल्ट, ३.५ च्या मर्यादेच्या आत. गेन ५ ठेवला असता तर ७० अंशालाच अडकलो असतो. एलएम३५८ चा ऑफसेट (त्याच्या इनपुटमधली स्वतःची चूक) काही मिलिव्होल्ट असतो, २ मिलिव्होल्ट म्हणजे ०.२ अंशाची चूक, ती एकदा थर्मामीटरशी ताडून प्रोग्रॅममधे वजा करा.

चालू करताना

आयसी न बसवता सप्लाय द्या. मल्टीमीटरचा काळा ग्राउंडला ठेवून बेसच्या ८ आणि ४ वर मोजा, सिंगल असेल तर +९ आणि ०, ड्युअल असेल तर +९ आणि -९. पिना उलट्या निघाल्या तर इथेच कळतं, आयसी वाचतो. मग बंद करून आयसी बसवा, परत चालू करा आणि सिग्नल न देता आउटपुट मोजा. ड्युअलवर शून्याच्या आसपास हवं, सिंगल ऑडिओवर मधल्या व्होल्टेजएवढं. वरच्या टोकाला चिकटलं असेल तर आधी गेनच्या पायातला कपॅसिटर बघा, मग फीडबॅकचा रेझिस्टर खरंच जोडला गेलाय का ते. खालच्या टोकाला असेल तर मधल्या व्होल्टेजची वायर सुटली असण्याची शक्यता जास्त. आवाजाचा अर्धाच भाग येतोय, फाटल्यासारखा, तर सिग्नल मधल्या व्होल्टेजवर न बसता ग्राउंडवर बसलाय आणि एलएम३५८ शून्याखालचं सगळं कापतोय.

मधलं व्होल्टेज मोजताना डिजिटल मीटर वापरा. काट्याचा साधा मीटर १०० के च्या जोडीवर लावला तर तो स्वतःच व्होल्टेज खाली ओढतो आणि ४.५ च्या जागी दीड-दोन दाखवतो, आणि तुम्ही चांगले रेझिस्टर बदलत बसाल.

३५८ मधला दुसरा ऑप-अँप वापरत नसाल तर त्याच्या पिना मोकळ्या सोडू नका. ७ आणि ६ एकमेकांना जोडा, ५ मधल्या व्होल्टेजला. मोकळा ठेवला तर तो कुठेही भरकटतो आणि त्याचा आवाज शेजारच्या चालू ऑप-अँपमधे सप्लायवाटे येतो.